चिंध्यांचे मंत्री

आमच्या गावात आजवर जेवढे मंत्री आले ते सगळे चिंध्यांचे होते. पोटात मक्याचा कडबा, डोक्यात भुसा, काखेत फटाके. ईस्टरच्या आदल्या शनिवारी, भर दुपारी, चौकातल्या सावरीच्या झाडाला आम्ही जूदासाचा पुतळा टांगतो आणि जाळतो. ज्यानं आपल्या गुरूला, येशूला, चांदीच्या तीस नाण्यांसाठी विकलं त्याची दुसरी काय पूजा करायची? पण नुसता जूदास जाळून कोणाचा जीव थंड होतो? म्हणून दर वर्षी त्याला कुठल्यातरी मंत्र्याचा कोट चढवायचा आणि तोंड रंगवायचं, ही आमच्या ओहो दे आग्वा गावाची रीत. अर्थमंत्री जळून झाला, गृहमंत्री तर दोनदा जळला. बांधकाममंत्र्याच्या वेळी आम्ही त्याच्या हातात अर्धाच पूल दिला होता, कारण आमच्या नदीवर त्यानं तेवढाच बांधला होता.

पेटवण्याआधी जूदासाचं मृत्युपत्र वाचतात. ते पूर्वी माझा नवरा लिहायचा, तो गेल्यापासून मी लिहिते. माझं नाव ब्रिहिदा. धंदा तामाल, म्हणजे मक्याच्या पिठात मांस भरून पानात उकडलेले उंडे, विकण्याचा, आणि माझ्या तामालपेक्षा माझी जीभ तिखट आहे असं गावात म्हणतात. खोटं नाही ते. काडी कोण लावणार हेही ठरवावं लागतं. त्या वर्षी सरकारनं ज्याच्यावर सगळ्यात मोठा अन्याय केला असेल, त्याचा तो मान. यावरून दर वर्षी भांडणं होतात, कारण मानकरी फार.

शनिवारी सकाळी आणखी एक काम असतं, पण त्याला कोणी रीत म्हणत नाही. बायका झऱ्यावरून पाणी आणून चौकाभोवतालच्या झावळ्यांच्या छपरांवर मारतात. त्या दिवसांत पाऊस पडून महिने झालेले असतात, आणि जूदासाच्या काखेतले फटाके कुणाचं घर बघून उडत नाहीत. कायेतानाचं स्वयंपाकघर झाडाच्या सगळ्यात जवळ, म्हणून पहिली बादली तिच्या छपरावर.

कायेताना माझी कोमाद्रे. तिच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातांवर धरलं, तेव्हा मी त्याची माद्रीना झाले, म्हणजे दुसरी आई, आणि आम्ही दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा अवघड. बहिणीशी कडाकडा भांडता येतं, कोमाद्रेशी भांडलं तर देव कोपतो म्हणतात. तिचं आणि माझं दार समोरासमोर. रोज सकाळी ती उंबऱ्यात उभी राहून हाक मारायची, “चल कोमाद्रे, पाण्याला जाऊ.” मग डोक्यावर घडे घेऊन दोघी टेकडीवरच्या झऱ्याला. मुलं झाली, नवरे गेले, सरकारं आली आणि पडली, पण ती हाक कधी चुकली नाही.

तिचा मुलगा ओलेगारियो. आम्ही त्याला यायो म्हणतो. गावातून शिकून इंजिनियर झालेला पहिलाच. तो पास झाला तेव्हा कायेतानानं त्याच्यासाठी पांढरा सुती सदरा शिवला, आणि गावातल्या प्रत्येक बाईनं त्याच्या छातीवर आपल्या हातानं काहीतरी भरलं. कुणी कॉफीचं फूल, कुणी पोपट. मक्याचं हिरवं पान माझं आहे. तो सदरा घालून यायो राजधानीत गेला, आणि पाणी बाटल्यांत भरून विकणाऱ्या कंपनीनं पहिल्यांदा आमच्या झऱ्यावर डोळा ठेवला तेव्हा तोच सदरा घालून परत आला. वर्तमानपत्रात त्याचा फोटो होता, मोजणीवाल्यांच्या गाडीपुढे आडवा पडलेला. गाडी माघारी गेली. तेव्हा मला वाटलं, या पोराला मी हातांवर धरलं याचं देवानं सोनं केलं.

पुढे नवे राष्ट्राध्यक्ष निवडून आले. त्यांना मंत्रिमंडळात स्वच्छ चेहरे हवे होते, असं टीव्हीवर रोज सांगत होते. यायोला त्यांनी पाणी आणि पर्यावरण खात्याचा मंत्री केलं. शपथविधी आम्ही महापौर दॉन सेनोनच्या दुकानात बसून पाहिला. सगळे मंत्री ओळीनं उभे, छातीवर हात ठेवून, आणि शेवटून दुसरा आपला यायो. चर्चची घंटा वाजवली, डुक्कर कापलं. त्या वर्षी जूदासाला मंत्री करायचं नाही असंही ठरलं, साधाच जाळला. मी एकटी कुरकुरले. स्वच्छ फडकं माणूस कशाला शोधतो? पुसायला. कायेताना म्हणाली, कोमाद्रे, आजचा दिवस तरी गोड बोल. मी गोड बोलले.

वर्ष सरलं नाही तोच बाटल्यांची कंपनी परत आली. या वेळी मोजणीवाले नव्हतेच, थेट झरा कंपनीला देण्याच्या हुकूमनाम्याची बातमी आली. असा हुकूमनामा आमच्या देशात पूर्ण मंत्रिमंडळानं काढायचा असतो. राष्ट्राध्यक्षांच्या सहीखाली एकूण एक मंत्र्याची सही लागते. ज्याचा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता, त्या क्रीडामंत्र्याचीही. एक जरी सही राहिली तरी कागद कोरा. गाव निश्चिंत होतं. एक सही तर आपल्या घरातली होती.

तरी कायेतानाला राहवेना. मी केळीच्या पानातले तामाल बांधले आणि आम्ही दोघी राजधानीला गेलो. मंत्रालयातल्या खुर्च्या इतक्या मऊ की बसल्यावर उठता येईना. दुपार टळल्यावर यायो आला. आईच्या पाया पडल्यासारखा वाकून त्यानं तिचा हात कपाळाला लावला, माझ्या गालाचा मुका घेतला आणि उभ्याउभ्याच तामालचं पान उलगडून खायला लागला. लहानपणी खायचा तसाच, आधी मधलं मांस.

मी सरळ विचारलं. तो हसला. म्हणाला, “माद्रीना, तुम्ही झोपा निवांत. माझी सही झाल्याशिवाय तो कागदच. आणि मी ओहो दे आग्वाचा आहे.”

एवढ्यात फोन वाजला. त्यानं हात पँटला पुसले, पाठ ताठ केली आणि त्या फोनशी उभ्यानं बोलला. होय साहेब, नाही साहेब, आपण म्हणाल तसं साहेब. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, आम्ही दोघी म्हाताऱ्या. तरी तो उभाच होता. तामाल पानातच राहिला. येताना बसमध्ये कायेताना सारखी म्हणत होती की पोरगं वाळलंय. मला त्याची पाठ आठवत होती, इतकी ताठ पाठ मी फक्त घाबरलेल्या माणसाची पाहिली आहे.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांच्या उपवासाचा काळ सुरू झाला त्याच आठवड्यात सह्या झाल्या. टीव्हीवर सगळं दाखवलं, लाज सोडून. लांब टेबल, एकच सोनेरी पेन, आणि ते हातातून हातात. परराष्ट्रमंत्री, शिक्षणमंत्री, संस्कृतीमंत्रीण, जिनं पूर्वी सौंदर्यस्पर्धा जिंकली होती. प्रत्येक जण सही करून कॅमेऱ्याकडे पाहून हसत होता. यायोचा नंबर शेवटचा. त्यानं पेन घेतलं, क्षणभर थांबला, आणि दुकानात कोणीतरी म्हणालं की आता ठेवेल बघा खाली. त्यानं सही केली. हसला मात्र नाही. ते आम्ही काय चाटायचं?

कायेताना उठली आणि घरी गेली. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणावं, तर ते कुंपण आम्हीच घातलं होतं, आमच्या हातांनी त्यावर फुलं भरली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिव्या कोणाला द्यायच्या? मी दिल्या. मोठ्यानं दिल्या, चौकात उभी राहून, माझ्या धर्माच्या मुलाला.

पंधरवड्याच्या आत झऱ्याभोवती तारेचं कुंपण आलं, लोखंडी फाटक आलं, खांद्याला बंदूक लावलेले पहारेकरी आले. गावासाठी चौकात एक नळ बसवून दिला, सकाळी तासभर करंगळीएवढी धार. बायका रांगेत एकमेकींच्या झिंज्या ओढायला लागल्या. कायेतानाची सकाळची हाक बंद झाली. नळ तर तिच्या दारासमोरच होता, हाक कशाला मारायची?

ईस्टरच्या आठवड्यात आमच्या देशात सगळे समुद्रावर जातात, आणि मंत्री तर आधी जातात. यायोला मात्र राष्ट्राध्यक्षांनी गावाला धाडलं, लोकांची समजूत काढायला. काळी गाडी, दोन अंगरक्षक. त्याच्या येण्याआधीच दॉन सेनोननं कर्ण्यावरून पुकारा केला होता की यंदा जूदासाला कोट, टाय, चष्मा, पट्टा काही घालायचं नाही आणि सरकारी माणसाचं तोंड रंगवायचं नाही. घातलं तर तुरुंग.

शुक्रवारी दुपारी तो आईच्या स्वयंपाकघरात बसला होता. कायेतानानं सणाचा अंड्यात बुडवून तळलेला मासा वाढला, मक्याच्या भाकऱ्या वाढल्या, गुळाच्या पाकातला पाव वाढला. तो एकटाच बोलत होता. गावाला रस्ता मिळेल, दवाखाना मिळेल, कंपनी पोरांना नोकऱ्या देईल. हे सगळं त्यानं गाडीत पाठ केलं असणार, कारण मासा गिळतानाही तो अडखळला नाही. मी दारात बसून तांदूळ निवडत होते, ते मी बाजूला ठेवले.

“यायो,” मी म्हटलं, “तू सही केली नसतीस तर काय झालं असतं?”

“काहीच नाही, माद्रीना. मला संध्याकाळी काढून टाकलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खुर्चीत दुसरा बसला असता आणि त्यानं केली असती. म्हणजे एक दिवसाचा फरक.”

“म्हणजे एक दिवस थांबलं असतं.”

“एका दिवसानं काय होतं?”

“तुला तेवढाच दिवस मागितला होता गावानं. तोही दिला नाहीस.”

त्यानं आईकडे पाहिलं. तिनं भाकरी उलटली. मग तो मला समजावायला लागला की आत राहून माणूस काहीतरी करू शकतो, बाहेर फेकला गेला की संपला, राजकारण तुम्हाला कळत नाही. मला कळत नाही हे खरं. मला एवढंच कळतं की सगळ्या मंत्र्यांनी हाच हिशेब केला असणार, मी नाही तर दुसरा, आणि त्या दुसऱ्याच्या भीतीनं पेन हातातून हातात फिरत राहिलं. तो दुसरा कोण, कुठे राहतो, कोणी पाहिलंय त्याला? देश त्या न दिसणाऱ्या माणसाच्या नावावर विकला जातोय. असं मी त्याला म्हटलं, याहून वाईट शब्दांत. तो उठून बाहेर गेला.

शनिवारी सकाळी आम्ही माझ्या अंगणात जूदासात कडबा भरत होतो. कोट नाही, तोंड नाही, नुसता पोत्याचा गोळा. पोरीबाळी हिरमुसल्या होत्या. तेवढ्यात कायेताना आली. तिच्या हातात तो सदरा होता, धुऊन इस्त्री केलेला. छातीवर कॉफीची फुलं, पोपट, माझं मक्याचं पान.

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, “कोमाद्रे, विचार कर. परत मिळणार नाही.”

“त्याला आता बसत नाही तो,” ती म्हणाली.

आम्ही सदरा जूदासाला चढवला. कॉलर तिनं स्वतः नीट केली, पोराला शाळेत पाठवताना करतात तशी.

दुपारी चौक भरला. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर दॉन सेनोन, पाद्री आणि मंत्रिमहोदय. जूदास वर ओढला तेव्हा दॉन सेनोननं मान उंच करून तपासलं. कोट नाही, टाय नाही, चष्मा नाही, तोंड कोरं. नियमात बसत होतं. मग त्याची नजर छातीवरच्या नक्षीवर गेली. त्याच्या बायकोनं भरलेला पोपट तिथे होता. तो यायोकडे वळला, पण यायो वर बघत होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी पुढे झाले आणि मृत्युपत्र वाचलं. चौकाच्या टोकापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं वाचलं.

“सही माझी सोडतो मी गावाच्या नावावर,
वाळत घाला कपड्यागत कोरड्या घाटावर.
तीस नाणी चांदीची त्या जुन्याला तरी मिळाली,
मला मिळाली खुर्ची, तीही उसनी निघाली.”

दर वर्षी लोक हसतात. त्या वर्षी कोणी हसलं नाही. काडी लावायचा मान परटीण एलोदियाला होता, पाणी गेलं तसा तिचा धंदाच गेला होता. तिनं काडी लावली. सदरा आधी काळा पडला, मग एकदम पेटला, आणि फटाके सुटले.

छपरं ओली करायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कसं येणार? ते काम झऱ्याचं होतं, झऱ्यावर गेलं की आपोआप व्हायचं. झरा गेला आणि त्याच्याबरोबर ती आठवणही गेली. माझ्यासकट एकाही बाईला छपराची आठवण झाली नाही. एक फटाका तिरका उडाला आणि कायेतानाच्या स्वयंपाकघराच्या झावळ्यांत शिरला. आधी धुराची बारीक रेघ, आणि कोणी ओरडेपर्यंत जाळ.

लोक नळाकडे धावले. नळ कोरडा, त्याचा तास सकाळीच संपला होता. मग सगळे बादल्या घेऊन टेकडीकडे, आणि सगळ्यांच्या पुढे यायो. अंगरक्षक मागे पडले. त्याच्या हातात आईची पत्र्याची बादली होती. मला धाप लागत होती तरी मी मागोमाग गेले, कारण मला बघायचंच होतं.

फाटकाला कुलूप होतं. कुंपणापलीकडे झरा वाहत होता, आवाज येत होता त्याचा. पहारेकरी मध्यम वयाचा, शांत माणूस. यायो म्हणाला, “उघड. मी मंत्री आहे.”

“माहितीये साहेब. तुम्हाला टीव्हीवर पाहिलंय, सही करताना,” पहारेकरी म्हणाला. “पण किल्ली माझ्याकडे नाही. ती कंपनीच्या मॅनेजरकडे, आणि ते समुद्रावर गेलेत. त्यांच्या परवानगीशिवाय आत कोणाला सोडायचं नाही, असं तुमच्याच हुकूमनाम्यात लिहिलंय.”

यायोनं फोन काढला. गृहमंत्र्याला लावला, कोणी उचलला नाही. राष्ट्राध्यक्षांच्या सचिवाला लावला, तिकडून गाणी आणि लाटांचा आवाज आला आणि फोन बंद झाला. आणखी दोघातिघांना लावला. देशाचं सगळं मंत्रिमंडळ त्या दुपारी गळ्याएवढ्या पाण्यात डुंबत होतं, आणि त्यातला एक रिकामी बादली घेऊन कुलपापुढे उभा होता. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मला इतका राग आला होता की मी ते फाटक दातांनी तोडलं असतं. गावातल्या पुरुषांनी फाटकाला खांदे लावले तेव्हा पहाऱ्यावरच्या दुसऱ्यानं हवेत गोळी झाडली, आणि लोक मागे सरकले. यायोनं बादली तिथेच खाली ठेवली आणि उतरायला लागला.

खाली बायकांनी माती टाकून, सणासाठी केलेली मक्याची पेज ओतून आग शेजारी जाऊ दिली नव्हती. स्वयंपाकघर मात्र गेलं. चूल तेवढी उभी होती. कायेताना दगडावर बसून त्या चुलीकडे बघत होती. यायो तिच्यापुढे उकिडवा बसला. म्हणाला, “आई, मी नवं बांधून देतो. पक्कं, पत्र्याचं. उद्याच माणसं पाठवतो.”

“आणि शिजवू कोणत्या पाण्यात?” ती म्हणाली.

तो संध्याकाळच्या आतच गेला. राजीनामा देईल असं गावात पुष्कळांना वाटत होतं, रोज बातम्या लावून बसायचे. सोमवारी तो टीव्हीवर दिसला, त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत. त्यानं पाठवलेले पत्रे आले, ते कायेतानानं परसात टाकले आणि त्यांच्याखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून तिचं स्वयंपाकघर पुन्हा झावळ्यांचंच उभं केलं.

नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणानंतर राष्ट्राध्यक्षांनी मंत्रिमंडळ बदललं. यायोला ते टीव्हीवरच कळलं म्हणतात. संध्याकाळी काढला, सकाळी त्याच्या खुर्चीत दुसरा. ज्या एका दिवसाला घाबरून त्यानं सही केली, तो दिवस आलाच शेवटी, आणि फुकट आला. पुढे महिन्याभरात बाटल्यांच्या कंपनीनं त्याला सल्लागार म्हणून ठेवून घेतलं. हे कायेतानाला कोण सांगणार म्हणून मला पुढे केलं. मी सांगितलं. ती डाळिंबाच्या झाडाची वाळलेली पानं खुडत होती, ती खुडतच राहिली. मीच रडले, रागानं.

या वर्षी पुन्हा ईस्टर आला. दॉन सेनोननं पुन्हा पुकारा केला, कोट नाही, टाय नाही, आणि या वेळी भरतकाम केलेला सदराही नाही. आम्ही मान डोलावली. आठवडाभर गावातल्या प्रत्येक घरानं नळाचं पाणी वाचवून ठेवलं. शनिवारी सकाळी सगळी छपरं ओली केली, पहिलं कायेतानाचं. मग ती टेकडीवर जाऊन फाटकापाशी वर्षभर पडून असलेली आपली पत्र्याची बादली घेऊन आली. इतके दिवस ती कोणी उचलली नव्हती, तो पहारेकरीसुद्धा तिला वळसा घालून जायचा. तिनं ती जूदासाच्या हाताला तारेनं बांधली. तोंड कोरं, अंगात पोतं, आणि हातात रिकामी बादली.

दॉन सेनोन झाडाभोवती दोनदा फिरला. बादलीबद्दल नियमात काही नव्हतं. तो खुर्चीत जाऊन बसला आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

मृत्युपत्रात मी या वर्षी एकच ओळ लिहिली होती: “बादली तुमची तुम्हाला परत, भरायची राहून गेली.” वाचली आणि कागद खाली केला. काडी कोणी लावायची यावरून या वेळी भांडण झालं नाही. कायेताना पुढे आली, तिनं माझ्या हातातून काड्यांची पेटी घेतली आणि जूदास पेटवला. फटाके उडाले, ओल्या छपरांवर पडून विझले. जळून झालं, तार तुटली, आणि बादली खणकन खाली पडली. काळी झाली होती, पण तिला काही झालं नव्हतं.

ती निवेपर्यंत कायेताना तिथेच उभी राहिली. मग पदरासारखा आपल्या झग्याचा ओचा हाताला गुंडाळून तिनं बादलीची कडी धरली. चौकातलं कोणीही घरी गेलं नव्हतं. हातात काही ना काही होतं प्रत्येकाच्या, घडे, डबे, एलोदियाचं कपडे भिजवायचं मोठं घमेलं. कायेताना टेकडीकडच्या वाटेला लागली, थांबली, आणि वळून माझ्याकडे बघून वर्षभरात पहिल्यांदा तिनं हाक मारली.

“चल कोमाद्रे, पाण्याला जाऊ.”